कोळशाचं घर

परदेशी जाऊन आलेला माणूस गावात चार दिवस मिरवतो, तसा मीही मिरवलो. शिरूरला आमच्या शाळेत माझं भाषण झालं. स्टाफरूममध्ये लाकडी बाहुलीच्या पोटातून एकामागून एक सात बाहुल्या काढून दाखवल्या. "तिकडं लोक भात खातात का हो?" या प्रश्नाला निदान तीस वेळा उत्तर दिलं. आता त्याला वर्ष होत आलं. मिरवणं संपलं, लिहायचं तेवढं राहिलं होतं. लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की त्या बावीस दिवसांपैकी मला फक्त एका सकाळबद्दल लिहायचं आहे, आणि त्या सकाळी मी काहीच केलं नाही.

मी भूगोलाचा मास्तर. नोकरी शिरूरला, घर दौंडला. मागच्या उन्हाळ्यात सोव्हिएत देशाच्या सहलीसाठी आमच्या भागातून एक शिष्टमंडळ जायचं ठरलं, त्यात एक शिक्षक हवा होता. दोन ज्येष्ठ मास्तरांनी थंडीचं कारण सांगून माघार घेतली आणि माळ माझ्या गळ्यात पडली. कार्यक्रमपत्रिकेत मॉस्को होतं, कीव्ह होतं, आणि शेवटी युक्रेनमधलं क्रिनिच्का नावाचं कोळशाच्या खाणीचं एक लहानसं गाव होतं. बाकीच्यांनी ते नाव वाचून पान उलटलं. मी ते घरी जाऊन आप्पांना वाचून दाखवलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. दौंडच्या लोको शेडमध्ये तीस वर्षं फायरमन होते. इंजिनावर उभं राहायचं, मागच्या टेंडरातला कोळसा फावड्यानं उचलायचा, भट्टीत फेकायचा. मनमाडला जाऊन यायचं आणि पुन्हा तेच. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या कानाच्या पाळीमागची काळी रेघ गेलेली नाही.

"तीस वर्षं मी कोळसा वाघिणीतनं टेंडरात येताना बघितला, आन् टेंडरातनं आगीत जाताना," कार्यक्रमपत्रिका ऐकून ते म्हणाले. "त्येचं घर कवा बघितलं न्हाई. तू खाली उतर. कसा बसलेला असतोय भुईत, नीट बघ. आन् मला येऊन सांग."

आप्पांनी मला आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही. सायकलसुद्धा मीच त्यांच्याकडे मागायचो. मी म्हणालो, "सांगतो की."

क्रिनिच्का, पहिला दिवस

कीव्हहून रातभर आगगाडी चालली. सकाळी खिडकीतून पाहिलं तर मला दौंड सोडून सोलापूरच्या बाजूला निघाल्यासारखं वाटलं. इकडून तिकडं सपाट रान, काळी माती, मध्येच झाडांची एखादी सरळ रांग. भीमेकाठची माती काळी म्हणून आपण कौतुक करतो, पण ही माती तिच्याहून काळी होती. मग त्या सपाटीवर अचानक टेकड्या दिसू लागल्या, सगळ्या एकसारख्या, टोकदार. आमची दुभाषी गालीना म्हणाली, "ये पर्वत नहीं हैं, श्रीमान. ये खदान से निकला हुआ पत्थर है." गालीना मॉस्कोत हिंदी शिकली होती आणि आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं बोलायची. तिच्यापुढे आमच्या हिंदीची आम्हालाच लाज वाटायची.

गावाच्या नावाचा अर्थ लहानसा आड. पूर्वी या माळावर एक झरा होता, त्याभोवती कोसॅक घोडेस्वारांची वस्ती होती, म्हणून हे नाव. झारच्या काळात कुणा परदेशी कंपनीला जमिनीखाली कोळसा सापडला आणि पहिली खाण खोदली गेली. हे सगळं दोन खोल्यांच्या संग्रहालयात एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं. तिथं खाणीतल्या घोड्याचा एक फोटो आहे. घोड्याला शिंगरू असताना खाली उतरवायचे आणि तो तिथंच म्हातारा व्हायचा. वर आणला तर उजेडानं बुजायचा. युद्धात शत्रू येतोय म्हटल्यावर गावकऱ्यांनी आपल्याच हातानं खाणी पाण्यानं भरल्या. युद्ध संपल्यावर पुरुष उरले नव्हते, तेव्हा बायकांनी पाणी उपसलं आणि बायकाच खाली उतरल्या. हे सांगताना त्या बाईनं एका धूसर फोटोतल्या डोक्याला रुमाल बांधलेल्या मुलीवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

आता गाव नीटनेटकं आहे. रस्त्याच्या दुतर्फा जर्दाळूची झाडं, चौकात गुलाबांचे वाफे, आणि फावडं घेतलेल्या खाणकामगाराचा पुतळा. आपल्याकडे पुतळ्याच्या हातात तलवार असते किंवा पुस्तक. फावडं मी पहिल्यांदा पाहिलं. खाणीच्या उंच मनोऱ्यावर एक लाल तारा आहे. त्या दिवसाचं काम पुरं झालं की तो पेटतो, आणि बायका तारा बघून ओळखतात की आज घरधनी खुशीत येणार.

स्वागताला एका मुलीनं भरतकामाच्या पंचावर मोठा गोल पाव आणि त्यावर मिठाची वाटी आणली. पावाचा तुकडा मोडून, मिठाला लावून खायचा, अशी तिथली रीत. आमच्या शिष्टमंडळातल्या साताऱ्याच्या वकीलसाहेबांना सत्काराची सवय. त्यांनी नारळ घ्यावा तसा तो अख्खा पाव दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे सोपवला. पुढची वीस मिनिटं नगराध्यक्षांचं भाषण मी काखेत पाव धरून ऐकलं. ती मुलगी रिकामा पंचा घेऊन तशीच उभी होती.

मग ओळखी झाल्या. प्रत्येकानं आपला आणि वडिलांचा व्यवसाय सांगायचा होता. आमचे प्रमुख पुण्याचे प्राध्यापक, त्यांचे वडील न्यायाधीश. वकीलसाहेबांच्या वडिलांची इनामं होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "वडील रेल्वेत होते." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी खाली बसलो.

आज याचं मला स्वतःलाच नवल वाटतं. माझा बाप तीस वर्षं कोळसा उचलत होता, हे ऐकून ज्या गावानं मला डोक्यावर घेतलं असतं, नेमकं त्याच गावात मी ते गिळलं. शिरूरच्या स्टाफरूममध्ये ते गिळायची सवय लागली होती. तिथं त्याची कारणं होती, आणि ती वाचणाऱ्यांना ठाऊक आहेत. इथं एकही कारण नव्हतं. सवय मात्र ट्रंकेतून माझ्याबरोबर आली होती.

स्तेपानच्या घरी

संध्याकाळी आम्हाला घरोघर जेवायला वाटून दिलं. मी आणि गालीना स्तेपानकडे गेलो. हा साठीच्या आसपासचा खाणकामगार, हात परातीएवढे, डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या. आप्पांच्या डोळ्यांना अशीच कड होती. आई साबण लावून थकायची.

आम्ही पोचलो तेव्हा त्याची पाचेक वर्षांची नात पळत आली आणि त्याच्या पिशवीत हात घालून बघू लागली. त्यानं खाणीतल्या डब्यात उरलेला पावाचा कोरडा तुकडा काढून तिला दिला आणि काहीतरी म्हणाला. गालीना हसली. "कहते हैं, यह खरगोश ने भेजा है." गावातले सगळे खाणवाले डब्यातला एक तुकडा मुद्दाम उरवून आणतात आणि सशानं दिला म्हणून पोरांना देतात. घरात ताजा पाव असला तरी पोरांना तोच गोड लागतो.

आप्पा लाइनवरून आले की डब्यात चतकोर भाकरी असायची. इंजिनात फावड्यावर गरम केलेली, धुराचा वास लागलेली. तिच्यासाठी आम्ही भावंडं एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांना भूक नसायची म्हणून ती उरायची. स्तेपानच्या ओट्यावर उभा असताना मला कळलं की ती उरवलेली होती. तेव्हा मी गालीनाला सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात जेवायला बोलावलं.

जेवणात बिटाचं लाल कालवण, डुकराच्या चरबीचे पांढरे काप आणि आत चेरी भरलेले उकडलेले कानवले होते. चरबीचं ऐकून प्राध्यापकांनी दुसऱ्या घरी पोट बिघडल्याचं सांगितलं म्हणे. मला घरचं काही बंधन नव्हतं, मी सगळं खाल्लं. पण पोट भरल्यावर मी आपल्या रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. स्तेपाननं हात बाजूला केला आणि दोन कानवले वाढले. मी नको म्हणालो, त्याच्या बायकोनं आणखी दोन वाढले. असं पाच-सहा वेळा झालं. आपल्या लग्नाच्या पंगतीत जिलबीला होतो तसलाच आग्रह. मला इतकं घरच्यासारखं वाटलं की काय सांगू. माणसं सगळीकडे सारखीच, असं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. त्या वाक्यानंच पुढं माझा घात केला.

खाणीच्या तोंडाशी

दुसऱ्या दिवशी खाण. दिव्यांच्या खोलीत भिंतीभर खिळे आणि खिळ्यांवर नंबरांचे पितळी बिल्ले होते. खाली जाणारा आपला बिल्ला काढून नेतो, वर आला की परत टांगतो. खिळा रिकामा असला की माणूस खाली आहे.

तिथल्या अधिकाऱ्यानं सांगितलं की आज पाहुण्यांपैकी दोघांनाच उतरता येईल. प्राध्यापक प्रमुख, त्यांची एक जागा ठरलेलीच. दुसरी राहिली. स्तेपान पाहुण्यांना घेऊन जाणार होता. तो सरळ माझ्याकडे आला, हातातली खाणीतली कडक टोपी माझ्यापुढं धरली आणि काहीतरी विचारलं.

"पूछते हैं, आप चलेंगे?" गालीना म्हणाली.

आप्पांचा शब्द, दीड महिन्याची वाट, सगळं त्या टोपीत माझ्यासमोर होतं. आणि मी काय म्हणालो असेन? "नहीं, नहीं, रहने दीजिए. वकीलसाहब को जाने दीजिए. मेरे लिए क्यों तकलीफ..."

मराठी वाचकाला यातलं काहीच समजावून सांगायला नको. आपल्यात पहिल्या वेळी हो म्हणणारा माणूस हावरा. चहासुद्धा आपण पहिल्यांदा नकोच म्हणतो. समोरचा "असं कसं, घोटभर तरी" म्हणतो, आपण पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्या वेळी कपबशी हातात घेतो. त्यात शेजारी इनामदारांचे चिरंजीव उभे. त्यांच्या पुढं होऊन मी टोपी घ्यायची, हे माझ्या हाताला जमलंच नाही. शिवाय आदल्या दिवशीचे कानवले डोळ्यांपुढं होते. स्तेपान पुन्हा विचारणार, याची मला खात्री होती.

गालीनानं माझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिची काही चूक नाही. स्तेपाननं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, माझ्या खांद्यावर तळहात ठेवला, मान हलवली आणि टोपी वकीलसाहेबांना दिली. त्यांनी ती पहिल्याच फटक्यात डोक्यात घातली. खाली नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याचं दार लागलं. घंटा वाजली आणि तिघं खाली गेले.

मी तिथंच उभा राहिलो. शेवटी गालीनाला विचारलं, की काल जेवताना सहा वेळा आग्रह करणारा माणूस आज एकदाच विचारून कसा थांबला?

ती म्हणाली, जेवणाची गोष्ट वेगळी. खाणीच्या तोंडाशी ज्यानं एकदा नाही म्हटलं त्याला इथं कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. काय सांगावं, त्याच्या मनाला काही दिसलं असेल. तरुणपणी स्तेपानचा एक सोबती सकाळी नको म्हणत होता, स्तेपाननं त्याला ओढून नेलं, आणि संध्याकाळी त्याचा बिल्ला खिळ्यावर परत आला नाही. तेव्हापासून स्तेपान तर कुणालाच आग्रह करत नाही.

म्हणजे त्यानं माझा मान राखला होता. आणि मी मनात त्याला बोल लावत उभा होतो.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. त्या अधिकाऱ्याला जाऊन सांगता आलं असतं, की बाबा रे, माझं चुकलं, मला उतरायचं आहे. तोंड उघडायला काय धाड भरली होती? पण एकदा नको म्हटल्यावर मागून हो म्हणायचं कसं, या विचारात दोन तास गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. वकीलसाहेब वर आले, न्हाणीघरातून भांग पाडून बाहेर पडले आणि बसमध्ये वर्णन करू लागले. मी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं. त्यांचं ऐकलं असतं तरी पुढची शोभा टळली असती.

निघायच्या सकाळी स्तेपान बसपाशी निरोपाला आला, तेव्हा मी गालीनाला म्हणालो, याला सांग, माझे वडील तीस वर्षं इंजिनात कोळसा टाकत होते आणि त्यांनी मला कोळशाचं घर बघून यायला सांगितलं होतं. तिनं सांगितलं. स्तेपानचा चेहरा पडला. तो एकच वाक्य बोलला, "हे काल का नाही सांगितलं?" ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. स्तेपान पळत जाऊन मुठीएवढा कोळशाचा तुकडा घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि आप्पांचं नाव आणि पत्ता कागदावर लिहून घेतला. मी कोळसा खणला, त्यांनी जाळला, म्हणजे आम्ही एकाच कामावरचे, असं त्यानं गालीनाकरवी सांगितलं.

दौंड

आप्पांनी कोळशाचा तुकडा दारात उजेडाला नेऊन बघितला. नख लावलं, वास घेतला. "आरशावानी हाय," ते म्हणाले. "आपल्याकडं निम्मा दगुड यायचा. असला मिळाला असता तर माझी पाठ वाचली असती." मग खाटेवर बसले. "हां. सांग आता. उतरला व्हतास न्हवं?"

समोर आप्पा मांडी घालून बसले होते, दीड महिना थांबलेले. मी म्हणालो, "व्हय, उतरलो की."

आणि सांगत सुटलो. पिंजरा, घंटा, दिवे, इथपर्यंत खरं होतं. पुढं काळ्या भिंती, टपटपणारं पाणी. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "खाली गार व्हतं का गरम?"

मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, की भूगर्भात खोल जावं तशी उष्णता वाढते. पण खोटं बोलताना शाळा आठवत नाही, घरची विहीर आठवते. गावाचं नावही आडाचंच. मी म्हणालो, "गार. एकदम आपल्या विहिरीवानी."

"गार?" आप्पा म्हणाले. एकदाच म्हणाले. मग कोळसा बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवून दिला.

त्यानंतर दौंडात आप्पा ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे. मी सुटीला आलो की कुणीतरी म्हणायचं, मास्तर, तुम्ही कोळशाच्या पोटात जाऊन आला म्हणं. मी हसून पुढं जायचो. घास गिळताना खडा लागावा तसं व्हायचं.

मागच्या महिन्यात एका रविवारी शिरूरहून एसटीनं आलो. स्टँडजवळच्या हॉटेलात आप्पा आणि शेखमामा बसले होते. शेखमामा ड्रायव्हर, आप्पांनी बारा वर्षं त्यांच्या इंजिनावर फावडं मारलं. मी पाठीमागून आलो तेव्हा आप्पा सांगत होते, "खाली लई गरम असतंय, शेखमामा. आपल्या भट्टीम्होरच्या फुटप्लेटवानीच. कमरंपत्तुर उघडं हून काम करत्यात. आन् कोळसा उभा न्हाई, आडवा बसलेला असतोय, हातभर जाडीचा. माणसं कुशीवर पडून खणत्यात."

शेखमामांनी मला पाहिलं. "या मास्तर. काय म्हंत्यात आप्पा, खरं हाय का?"

आप्पा वळले. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "गरमच व्हतं न्हवं रं?"

मी म्हणालो, "व्हय आप्पा. गरम व्हतं."

"मी बी तेच सांगतोय," आप्पा शेखमामांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "चहा घे." मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

घरी आलो, तर आई बाहेर गेली होती. फळीवर कोळशाचा तुकडा होता आणि त्याच्याखाली परदेशी तिकिटाचं एक पाकीट दाबून ठेवलेलं. पाकिटावर आप्पांचं नाव. शिक्का आठ महिन्यांपूर्वीचा.

पत्र गालीनाच्या त्या बातम्यांच्या हिंदीत होतं. आप्पांना हिंदी वाचता येतं, रेल्वेत तेवढं आलंच. स्तेपाननं लिहिलं होतं, की आपल्या मुलाला खाली यायचं नव्हतं म्हणून मी आग्रह केला नाही. तो आपल्यासाठी येणार होता, हे मला उशिरा कळलं. त्यानं जे बघून आपल्याला सांगायचं होतं, ते आता मीच लिहितो. आणि पुढं अडीच पानं होती. खाली उकाडा किती, कोळशाचा थर कसा आडवा, किती जाड, कुशीवर पडून कसा खणायचा, दिवा मालवल्यावर अंधार कसा असतो, हे सगळं. कागद घड्यांवर विरला होता. कितीतरी वेळा उघडून वाचलेला.

आठ महिने आप्पा याबद्दल मला एका शब्दानं बोलले नाहीत. माझ्या खोट्याला जिथं भोक होतं तिथं त्यांनी स्तेपानच्या पत्रातलं खरं बसवलं आणि ते माझ्या नावानं गावभर सांगत राहिले. मी पत्र होतं तसं कोळशाखाली ठेवलं. संध्याकाळच्या गाडीनं शिरूरला परत आलो. त्या दिवशीही बोललो नाही.

हे छापून आलं की अंक दौंडला जाईल. आप्पा चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. म्हणून जे तोंडानं जमलं नाही ते इथं लिहितो.

आप्पा, मी खाली उतरलो नव्हतो. मला त्यांनी एकदा विचारलं आणि मी नको म्हणालो. कोळशाचं घर गरम असतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं.